मानधन की पगार? कृष्णाकाठच्या एका मंडळीतल्या पाळकसाहेबांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णेच्या काठावरच्या एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांच्या समूहात, हे घडलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि कुटुंबांचे काही तपशील बदलले आहेत. मी वकील आहे, सार्वजनिक न्यासांची (ट्रस्टची) कामं करतो. माझं लहानपण मिरजेकडच्या एका मंडळीत, रविवारच्या शाळेत गेलं. त्यामुळे मी या प्रकरणात त्रयस्थ नव्हतो, हे आधीच सांगतो. मी पाळकसाहेबांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, कागद बघायला गेलो होतो आणि शेवटपर्यंत त्यांच्याच बाजूला बसलो.

मंडळी साधारण पंच्याऐंशी कुटुंबांची. देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, मिशनच्या काळातलं, दगडी. मागे पाळकनिवास, विहीर, आणि रस्त्याच्या कडेला मोकळी पट्टी. आपल्या भागात मिशननं दवाखाने, शाळा, वसतिगृहं उभी केली. मिरजेचं वॉनलेस रुग्णालय १८९४ चं. त्या काळात पाळकाचा पगार मिशनकडून यायचा. मिशनरी गेले, इमारती राहिल्या आणि पगाराचा भार रविवारच्या दानपेटीवर आला. मिशनच्या पगारपत्रकात नाव, हुद्दा, रजा असं काही ना काही लिहिलेलं असे. दानपेटीच्या काळात ते लिहिणं सुटलं.

पाळकसाहेब जून २००६ मध्ये आले, तेव्हा वय एक्केचाळीस. पाळकपणाची दीक्षा घेतलेले, थिऑलॉजीची (ईश्वरशास्त्राची) पदवी असलेले. नेमणूक झाली ती कमिटीच्या ठरावानं. ठरावात एवढंच होतं की अमुक पाळकांना बोलावण्यात येत आहे, दरमहा ४,५०० रुपये आणि राहायला घर. नेमणूकपत्र नाही, मुदत नाही, रजा नाही, आजारपणात काय याचा उल्लेख नाही. सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, तेही नाही. २०१९ पर्यंत आकडा वाढत १४,००० झाला. प्रत्येक वाढ वार्षिक सभेत तोंडी ठरली आणि टाळ्यांनी मंजूर झाली.

मंडळीचा न्यास धर्मादाय कार्यालयात नोंदलेला, सात जणांची कमिटी, दर तीन वर्षांनी निवडणूक. न्यासाकडे पैसे घेणारे एकूण पाच जण: पाळक, घंटा वाजवणारे व झाडलोट करणारे काका, बायबल शिकवत गावोगाव फिरणाऱ्या बायबलबाई आणि बालवाडीच्या दोन ताई. हा पाचचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाळकनिवासात कमरेएवढं पाणी आलं. ओसरल्यावर चिखल काढणं, दारं बदलणं, वायरिंग नव्यानं करणं हे सगळं पाळकसाहेबांनी स्वतःच्या पैशानं केलं. तेव्हाचे कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तुम्ही करून घ्या, नंतर बघू." खर्च अडतीस हजारांच्या घरात गेला. पावत्या राहिल्या २६,५०० च्या.

मग मार्च २०२० ची टाळेबंदी. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. देऊळ बंद म्हणजे दान बंद. एप्रिल २०२० पासून कमिटीनं निम्मे, म्हणजे ७,००० द्यायला सुरुवात केली. "परिस्थिती सुधारली की बाकीचं देऊ," असं खजिनदारअण्णांनी सांगितलं आणि पाळकसाहेबांनी मान डोलावली. मंडळीतल्या लोकांचेही रोजगार बुडाले होते, त्यांच्याकडे मागायची त्यांना लाज वाटली.

डिसेंबर २०२१ पर्यंत २१ महिने असेच गेले. जानेवारी २०२२ मध्ये निवडणुकीनंतर नवी कमिटी आली. नव्या कमिटीला रस्त्याकडची पट्टी दुकानदारांना पंधरा वर्षांच्या भाड्यानं द्यायची होती. वार्षिक सभेत पाळकसाहेब उठून म्हणाले की, एवढ्या मुदतीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. बरोबरच होतं ते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं द्यायची तर आधी मंजुरी हवी. पण ते भर सभेत, सगळ्यांसमोर बोलले. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पगार आलाच नाही.

कमिटीच्या तक्रारी सगळ्याच खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या लाटेत पाळकसाहेबांनी घरभेटी थांबवल्या होत्या. पाळकबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दम्याचा त्रास, म्हणून ते घरात राहिले. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि दोन घरांत माणूस गेला तेव्हा पाळक आले नाहीत याचा सल लोकांच्या मनात राहिला. रविवारच्या शाळेच्या सहलीचे ११,००० रुपये त्यांच्याकडे होते, त्याचा हिशेब दिलेला नव्हता.

६ मार्च २०२२ ला, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर वेस्ट्रीत, म्हणजे देवळातल्या पाळकाच्या खोलीत, त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एक कमिटीचं पत्र: सेवा समाप्त करण्यात येत आहे, ३१ मार्चपर्यंत पाळकनिवास रिकामा करावा. दुसरा टाइप केलेला राजीनामा, "स्वेच्छेने व कोणत्याही दडपणाशिवाय". सचिव म्हणाले, "राजीनाम्यावर सही केलीत तर मानानं निरोप देऊ." मुलाची बारावीची परीक्षा दोनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती.

पाळकसाहेबांनी पेन हातात घेतलं होतं. झगा अजून अंगावर होता. ते म्हणाले, "प्रार्थना करून सांगतो," आणि कागद घेऊन घरी गेले. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "सलाम भाऊ. एक विचारायचं होतं, मी नोकर आहे का?"

कोणते मार्ग होते

हा प्रश्न जगभरच्या न्यायालयांनी सोडवायचा प्रयत्न केलाय आणि उत्तरं एकसारखी नाहीत. इंग्लंडमध्ये २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका स्त्री-पाळकाच्या खटल्यात, त्या कर्मचारी ठरत नाहीत, असा निकाल दिला. पण त्याआधीच चर्च ऑफ इंग्लंडनं स्वतःच्या पाळकांसाठी २००९ मध्ये सेवाशर्तींचा वेगळा कायदा केला होता, तो ३१ जानेवारी २०११ ला लागू झाला. पाळक कायद्यानं पदधारकच राहतो, नोकर होत नाही. तरी त्याला सेवेच्या अटी लेखी मिळतात, आठवड्यात सलग २४ तास विश्रांती मिळते, वार्षिक रजा मिळते. काम नीट होत नाही असा आक्षेप असेल तर ठरलेल्या पद्धतीनं, टप्प्याटप्प्यानं चौकशी करावी लागते. सेवक म्हणवून घेतल्यानं माणसाचं घर आणि विश्रांती काढून घेता येत नाही, हे त्यांनी कागदावर मान्य केलं.

आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एकेक दार ठोठावून पाहिलं.

कामगार न्यायालयाचं दार अरुंद. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात 'उद्योग' या शब्दाची व्याख्या खूप रुंद केली, पण निव्वळ आध्यात्मिक कार्य तिच्याबाहेर ठेवलं. उपदेश करणं, प्रभुभोजन देणं, दफन करणं हे काम त्या व्याख्येत बसवायला मला धीर झाला नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा कर्मचाऱ्यांपासून, भविष्यनिर्वाह निधीचा वीसपासून लागू होतो. इथे पाचच माणसं. सोळा वर्षं सेवा करूनही हक्काची ग्रॅच्युइटी मागता येणार नव्हती. हे पाळकबाईंना सांगताना मला फार जड गेलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त गॅस बंद केला.

दिवाणी न्यायालयाचं दार मात्र उघडं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ च्या स्पष्टीकरणात धार्मिक पदावरच्या हक्काचा दावा चालतो असं म्हटलंय, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये केरळातल्या मलंकारा चर्चच्या वादात तेच ठामपणे मांडलं. थकलेल्या पगाराचा दावा करता आला असता, घरातून जबरदस्तीनं काढू नये म्हणून मनाई मागता आली असती. पण पुन्हा पाळक म्हणून बसवा, असा हुकूम मिळणं जवळजवळ अशक्य. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीनं पाळायला लावत नाही. आणि दावा म्हणजे वर्षं.

धर्मादाय कार्यालयाकडे जाता आलं असतं, जागेच्या भाड्याची तक्रार घेऊन. मी ते सुचवलं. कमिटीला तीच भीती होती, तो दाब कामी आला असता. पाळकसाहेब नाही म्हणाले. "जागेची तक्रार मला करायची तर ती जागेसाठी करीन. माझ्या पगाराचा सौदा तिच्यावर करणार नाही." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं की समेटाच्या बैठकीत त्यांचा शब्द वजनदार ठरला तो यामुळेच.

चौथा मार्ग विभागीय कौन्सिलचा, म्हणजे भागातल्या मंडळ्यांवरच्या चर्चच्या वरिष्ठ संस्थेचा. दीक्षा, बदली, शिस्त हे कौन्सिलकडे होतं आणि पगार स्थानिक मंडळीकडे. दोन्हीकडे जबाबदारी असली की बहुतेक वेळा ती कुणाकडेच नसते.

आणि पाचवा म्हणजे सामान बांधून निघून जाणं. आपले बहुतेक पाळक हाच मार्ग धरतात, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

काय केलं

राजीनाम्यावर सही करायची नाही, हे पहिल्याच रात्री ठरलं. ती सही झाली असती तर पुढे काहीच उरलं नसतं.

आठ दिवसांत रजिस्टर पोस्टानं उत्तर पाठवलं. भाषा सौम्य ठेवली. सेवासमाप्तीचं कारण पत्रात नाही, ते कळवावं. पगार व पुराचा खर्च थकलाय, तो द्यावा. पाळकनिवासाचा ताबा कायदेशीर मार्गाशिवाय घेऊ नये. रविवारच्या शाळेच्या ११,००० चा हिशेब सोबत जोडला, ७,२०० च्या बिलांसह, आणि ३,८०० द्यायचे आहेत हे स्वतःहून लिहिलं. पाळकसाहेबांना ती ओळ लिहायची नव्हती. आपली चूक आपणच आधी सांगावी, असा मी आग्रह धरला.

कमिटीचं उत्तर आलं आणि त्यात खरा पेच उघड झाला. पाळकांना पगार नव्हे, 'मानधन' दिलं जातं. ते देवाचे सेवक आहेत, मंडळीचे नोकर नाहीत, म्हणून थकबाकी असा प्रकारच नाही. आणि त्याच पत्रात पुढे: सेवेत ठेवायचं की काढायचं हा कमिटीचा पूर्ण अधिकार आहे. शेवटी एक ओळ होती, रेव्हरंड टिळकांनीही मिशनचा पगार सोडला होता.

ती ओळ मला लागली. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, साताऱ्यात असताना, मिशनचा पगार सोडला, हे खरं आहे. त्यांनी तो आपणहून, आपल्या ओढीनं सोडला. त्या त्यागाचा दाखला देऊन दुसऱ्याचा पगार अडवायचा, हे टिळकांवरही अन्याय करणारं आहे.

मग मी सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या हिशेबपत्रकांच्या नकला काढल्या. ३१ मार्च २०२१ चा ताळेबंद, परिशिष्ट आठ. देण्यांच्या बाजूला, लाइटबिलाच्या खाली, एक ओळ: "पाळक पगार देणे – ८४,०००." खाली विश्वस्तांची सही, लेखापरीक्षकांचा शिक्का. बारा महिन्यांचे सात-सात हजार, अगदी बरोबर. जुने खजिनदारअण्णा पतसंस्थेतून निवृत्त झालेले. त्यांनी कुणाला न विचारता ते देणं म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि शब्दही 'पगार' हाच वापरला होता. नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "दिलं नाही म्हणजे देणं लागतं. दुसरं काय लिहिणार?"

पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. देणेकऱ्यानं सही करून देणं कबूल केलं की ती मुदत त्या तारखेपासून नव्यानं मोजली जाते. कमिटी ज्याला थकबाकीच म्हणत नव्हती, ते देणं तिच्याच आधीच्या विश्वस्तांनी सही करून सरकारदरबारी दाखल केलं होतं.

२६ मार्चला शनिवारी कुणीतरी विहिरीच्या मोटारीला कुलूप लावलं. मी दाव्याचा मसुदा तयार ठेवला होता, सोमवारी दाखल करायचा विचार होता. रविवारी सकाळी महिला संघाच्या बायका उपासनेला येताना घरून एकेक कळशी भरून घेऊन आल्या. देवळात न जाता आधी पाळकनिवासाच्या ओट्यावर कळश्या ठेवल्या. एका आजींनी कमिटीच्या अध्यक्षांना, त्यांच्या सख्ख्या पुतण्याला, अंगणातच हाक मारली: "बाळा, किल्ली कुणाकडंय?" दुपारी कुलूप निघालं. मी मसुदा बॅगेतच ठेवला.

कौन्सिलचे अध्यक्ष ९ एप्रिलला आले, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) आदल्या दिवशी. बैठक चार तास चालली. मी ताळेबंदाची नकल मधे टेबलावर ठेवली आणि फार बोललो नाही. मंडळीतले एक म्हातारे वडील (एल्डर), जे आजवर कुठल्याच बाजूला नव्हते, ते म्हणाले की मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हे बायबलचं वचन आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलंय. खळ्यावर राबलेली माणसं होती, अर्थ कुणाला समजावावा लागला नाही.

निष्पत्ती

सेवासमाप्तीचं पत्र मागे घेतलं गेलं. पाळकसाहेब ३० जून २०२२ ला परस्परसंमतीनं सेवेतून मोकळे होतील, तोपर्यंत घर आणि दरमहा पूर्ण १४,००० मिळतील, असं ठरलं. थकबाकी अशी निघाली: २१ महिन्यांचे १,४७,०००, जानेवारी-फेब्रुवारीचे २८,०००, पुराच्या पावत्यांचे २६,५००. एकूण २,०१,५००. त्यातले एक लाख एप्रिलअखेर चेकनं, बाकीचे १४,५०० च्या सात हप्त्यांत. ग्रॅच्युइटीच्या जागी, हक्क म्हणून नव्हे तर सेवागौरव म्हणून, ६०,०००. त्यातून सहलीचे ३,८०० वजा झाले, हे पाळकसाहेबांनीच सांगून करून घेतलं.

लाखाचा चेक वटला. सेवागौरव निरोपाच्या दिवशी मिळाला. पाच हप्ते आले. सहावा आणि सातवा आले नाहीत, २९,००० राहिले ते राहिले. पाळकसाहेबांना कौन्सिलनं चांगल्या सेवेचं पत्र दिलं आणि ते आता जिल्ह्यातल्याच एका छोट्या मंडळीत हंगामी म्हणून जातात. घर भाड्याचं आहे. मुलगा पास झाला.

रस्त्याकडच्या पट्टीचं भाडं धर्मादाय कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करायचं नाही, असा ठराव कमिटीनं पुढे आपणहून केला.

वेगळं काय करता आलं असतं

२००६ मध्ये नेमणूकपत्र असतं तर, हे सगळेच म्हणतात. पण त्या वेळी पाळकसाहेबांनी ते मागितलं असतं तर "हा माणूस पैशासाठी आलाय" असं लोक म्हणाले असते, हेही तितकंच खरं आहे. म्हणून ते पाळकावर सोडूच नये. कौन्सिलनं एक नमुना करून द्यावा आणि त्यावर सही झाल्याशिवाय नेमणूकविधी करू नये. मागणारा कुणी राहिलाच नाही की लाजेचा प्रश्न मिटतो.

एप्रिल २०२० चा तो क्षण मला जास्त छळतो. पगार निम्मा करणं चूक नव्हतं, कुणाकडेच पैसे नव्हते. पण निम्मा माफ झाला की निम्मा पुढे ढकलला, हे कुणी लिहिलं नाही. दोन ओळींचा ठराव पुरला असता. अण्णांनी ताळेबंदात ती ओळ लिहिली नसती, तर आमच्या हातात फक्त एक तोंडी आश्वासन होतं, आणि ते देणारी कमिटी बदललेली होती.

घरभेटींचं पाळकसाहेबांनी सांगायला हवं होतं. पाळकाच्या घरातलं आजारपण हे मंडळीला ओझं वाटू नये म्हणून ते लपवलं जातं, आणि मग त्याच मौनाचा अर्थ निष्काळजी असा निघतो. मीही एक चूक केली: पहिल्याच आठवड्यात कौन्सिलला पत्र पाठवायला हवं होतं. मी नोटिशीच्या उत्तराची वाट बघत बसलो आणि तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांतच मोटारीला कुलूप लागलं.

हप्ते थांबल्यावर दावा करायचा का, यावर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणालो करू. पाळकसाहेब म्हणाले, त्या कळश्यांचं पाणी प्यायलोय, आता नको. मी आग्रह सोडला, पण पटलेलं नाही.

नवे पाळक २०२३ च्या सुरुवातीला आले. एकोणतीस वर्षांचे, नुकतंच लग्न झालेले. कमिटीनं मला त्यांच्या नेमणूकपत्राचा मसुदा करायला सांगितलं, हे मला अपेक्षित नव्हतं. दोन पानांचा केला. पगार हा शब्द वापरला, मानधन नाही. सोमवार सुट्टीचा. वर्षाला तीस दिवस रजा, आजारपणाची वेगळी. दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची सूचना. तक्रार आली तर लेखी कळवणं, उत्तराला पंधरा दिवस, मग कौन्सिलच्या माणसासमोर सुनावणी. सेवा संपल्यावर घर सोडायला नव्वद दिवस, आणि मूल दहावी-बारावीत असेल तर परीक्षा होईपर्यंत. घराची दुरुस्ती न्यासाच्या खर्चानं.

शेवटचं कलम म्हातारपणाचं होतं: राष्ट्रीय पेन्शन योजनेत पाळकाच्या नावे खातं, पगाराच्या दहा टक्के न्यासानं भरायचे. सही होऊन प्रत माझ्याकडे आली तेव्हा त्या कलमावर निळ्या शाईची आडवी रेघ होती आणि समासात अध्यक्षांची छोटी सही. बाकी सगळं मान्य. मी नव्या पाळकांना फोन केला, तर ते म्हणाले, "भाऊ, खातं मी स्वतःच उघडलंय. महिना पाचशे भरतो. कमिटीला पुढच्या वार्षिक सभेत परत विचारीन, या वेळी लेखी."